मागचं अंगण, चार खुर्च्या आणि पारनेरचे व्याही

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझी ही फजिती ठाऊक नाही असं माणूस देवळालीत शोधायचं म्हटलं, तर पार कालवा ओलांडून जावं लागेल. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. आधी चहा घ्या.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. उभा जन्म कालव्याच्या काठाने सायकल मारण्यात गेला. चारीला, म्हणजे पोटकालव्याला, पाणी किती, ढाळ किती, हे नुसतं बघून सांगायचो. असा हा मापातला माणूस रिटायर झाल्यावर तोंडावर आपटला, आणि कशात, तर लेकीच्या एका फोनमध्ये.

मुक्ता आमची एकुलती एक. लग्न होऊन पुण्याला गेली त्याला पाच वर्षं झाली. जावई सागर, मूळ पारनेरचे, माणूस सोन्यासारखा. दोघंही कंपनीत. दिवाळीला येतात, एक दिवस आमच्याकडे, एक दिवस पारनेरला. खांद्यावरची पर्स काढायच्या आधी मुक्ता परत निघायची वेळ सांगते. तक्रार नाही हो माझी, नोकऱ्याच तशा. पण ती गेली की पुढचे दोन दिवस घर उगाच मोठं मोठं वाटत राहतं.

तर एका रविवारी तिने मोबाईलवर अकरा फोटो पाठवले. घराच्या मागच्या बाजूला विटा अंथरून केलेली अंगणं. कुठे गोल, कुठे चौकोनी, कुठे मधोमध शेकोटीची जागा, कडेने झाडं, वेताच्या खुर्च्या. पॅटिओ म्हणतात म्हणे त्याला. खाली लिहिलेलं, 'बाबा, यातलं कुठलं छान वाटतं? मागच्या बाजूला करायचंय.'

मी चष्मा पुसून प्रत्येक फोटो चार चार वेळा पाहिला. आमच्या मागच्या अंगणाची अवस्था काय, तर शेवग्याचं झाड, धुण्याचा दगड आणि चिखल. चारच दिवसांपूर्वी मी फोनवर मुक्ताला सांगितलं होतं की तुझी आई तिथे घसरता घसरता वाचली. मग हे फोटो कशासाठी आले असतील? तुम्हीच सांगा. तुमचाही असाच समज झाला असता की नाही?

मी लगेच फोन लावला. म्हटलं, "वेणीसारख्या तिरक्या विटांचा आहे ना, तो सगळ्यात चांगला. जागा बारा बाय पंधरा धर."

"बाबा, अगदी तेवढीच जागा आहे," मुक्ता म्हणाली. "पण चार खुर्च्या बसल्या पाहिजेत हं. तुम्ही दोघं, आम्ही दोघं."

फोन ठेवला आणि मी मनात हिशेब मांडला. दिवाळीच्या एका दिवसासाठी कुणी चार खुर्च्यांचं अंगण करायला सांगतं का? हल्ली घरी बसून कंपनीचं काम करता येतं. पोरगी परत येतेय. इथे राहायला येतेय.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, येते असं म्हणाली का ती?"

"तसं तोंडाने कशाला म्हणेल? सुचवलंय तिने."

"मग सरळ विचारा ना तिला."

"आणि नाही म्हणाली तर?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाजीत मान घातली. त्यानंतर तिनेही मुक्ताला विचारलं नाही. ती का गप्प बसली, हे मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी रशीदभाई मिस्त्रींना बोलावलं. आमचं घर त्यांच्याच हातचं. त्यांनी फोटो पाहिला, दाढी खाजवली.

"साहेब, वर पत्रा न्हाई, बाजूला भिंत न्हाई. ह्याच्यात करायचं काय?"

"बसायचं."

"बसायला घर बांधून दिलंय की तुमाला."

"मुक्ता येतेय, रशीदभाई."

म्हातारा एकदम मऊ झाला. घराचं काम चाललं होतं तेव्हा चार वर्षांची मुक्ता त्यांच्या वाळूच्या ढिगात खेळायची. "मंग आधी नाय का सांगायचं," म्हणाले आणि त्याच दिवशी मुरूम टाकून तो धुम्मसाने ठोकून बसवायला घेतला. भट्टीवरून विटा आल्या. एकेक वीट वाजवून घेतली त्यांनी, कच्ची असली की बाजूला.

ढाळाच्या वेळी मात्र मी मध्ये पडलो. एवढा कालव्यावर जन्म काढलेला माणूस, मला का कुणी पाण्याचा उतार शिकवायचा? मी दोरी धरली, मी खुणा केल्या. अर्धं अंगण झाल्यावर ऐटीत एक बादली ओतली. पाणी क्षणभर थांबलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेलं.

रशीदभाई म्हणाले, "तुमच्या वळखीचं पानी हाय साहेब. घरात आलं."

अर्धं अंगण उखडून पुन्हा केलं. पण झालं काय देखणं! विटांची तिरकी वीण पाहून बायको म्हणाली, "मुक्ताची शाळेतली वेणी." आणि आत निघून गेली. मी राहुरीहून वेताच्या चार खुर्च्या आणल्या. रोज संध्याकाळी एका खुर्चीवर बसायचो, उरलेल्या तिन्हींवरची धूळ पुसायचो.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते पुढे.

शेजारच्या सुमनवहिनींनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. "भाऊजी, लई झाक झालंय. कुरडया वाळवायला याच्यासारखी जागा न्हाई."

मी ताठ झालो. "वहिनी, हे वाळवणासाठी नाही. आमची मुक्ता येतेय, कायमची."

बोलताना छाती फुगली होती हो माझी. पण आपल्याकडे लग्न झालेली लेक कायमची माहेरी येतेय म्हटल्यावर माणसं काय समजतात, हे एवढ्या वयाच्या माणसाला कळू नये? नाही कळलं. सुमनवहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी दोन बायका आमच्या हिच्याजवळ येऊन बसल्या आणि काहीही न बोलता तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. किराणा दुकानदार मला म्हणाला, "भाऊसाहेब, पोरीच्या बाजूनं उभे राहिलात, मोठं मन लागतं." मला वाटलं अंगणाचं कौतुक चाललंय. मी म्हटलं, "बापाचं कर्तव्यच आहे ते. एकदम पक्कं काम केलंय." तो हबकून माझ्याकडे बघत राहिला.

आता योगायोग बघा. सुमनवहिनींची धाकटी बहीण दिलेली पारनेरला, आणि तिचं घर आमच्या व्याह्यांच्या मागच्याच आळीत. गुरुवारी बातमी निघाली. शनिवारी दुपारी व्याही आणि विहीणबाई दारात हजर.

कधी न सांगता येणारी माणसं नव्हेत ती. व्याह्यांचा फेटा वाकडा, विहीणबाईंचे डोळे सुजलेले. मी आनंदाने थेट मागे नेलं आणि नव्या खुर्च्यांवर बसवलं. अंगणाचं उद्घाटन त्यांच्या हातून झालं.

व्याह्यांनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला. "पाव्हणं, आमचं काय चुकलं त्ये सांगा."

"तुमचं? काही नाही. बसा, चहा टाकलाय."

"च्या नगं. पोरानं हात उचलला का तिच्यावर? तसं आसंल तर त्याची गय न्हाई करायचो. पन पोरीला एकदा समजवा."

विहीणबाई म्हणाल्या, "लेकीवानी वागवली हो आमी तिला," आणि रडायलाच लागल्या.

आता माझ्या पायाखालच्या विटा हलल्या. मला वाटलं, म्हणजे खरंच काहीतरी झालंय, म्हणूनच मुक्ता येतेय, आणि यांना माहीत आहे, मलाच नाही. मी म्हटलं, "नक्की काय झालं दोघांचं?" ते म्हणाले, "आमी तुमाला इचारायला आलोय." असं बराच वेळ आम्ही एकमेकांना विचारत राहिलो. शेवटी बायकोने पदराला हात पुसत फोन उचलला आणि मुक्ताला लावून, आवाज मोठा करून, मधल्या खुर्चीवर ठेवला. जे मी तीन आठवड्यांत विचारलं नाही, ते तिने एका दमात विचारलं.

"मुक्ता, तू कायमची इकडे येतेयस का?"

"मी? नाही गं आई. का?"

बस्स. एवढंच.

मग सगळं बाहेर आलं. दोघांनी पुण्यात फ्लॅट विकून बैठं घर घेतलंय. वास्तुशांतीचं आमंत्रण देतानाच दोन्ही घरी सांगून चकित करायचं ठरवलं होतं. मागे बारा बाय पंधरा जागा तिथे. फोटो त्या अंगणासाठीचे. चार खुर्च्या आम्ही कधी गेलो तर बसायला. सागररावांचा मागून हसण्याचा आवाज येत होता, म्हणजे हात उचलणंबिचलणंही नव्हतं.

विहीणबाईंनी देवाला हात जोडले. व्याह्यांनी मात्र वाकून एका विटेवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "मीबी वरच्या मजल्यावर इंग्लिश संडास बांधलाय. पोराला खाली बसायला तरास हुतो म्हनून. दोन वर्सं झाली. दिवाळीला येतो आन् खालच्या खालीच परत जातो. आजून त्यानं बघितला न्हाई."

मग दोघांनी चहा घेतला. ते दोघं निघाले तेव्हा सुमनवहिनी भिंतीपाशी उभ्या होत्या. मी खुर्च्या एका कडेला सरकवल्या. सकाळी अख्ख्या अंगणात कुरडया पसरलेल्या होत्या.

खोटं कशाला बोलू, राग स्वतःचाच आला. पण त्या तीन आठवड्यांचा नाही आला. पोरगी येणार म्हणून सकाळी उठत होतो मी. तसं उठून किती वर्षं झाली होती.

पुढच्या शनिवारी मुक्ता न कळवता आली, एकटीच. मागे जाऊन कुरडयांच्या मधून वाट काढत खुर्चीवर बसली. चपला काढून तळवे विटांवर टेकवले. परतीची वेळ सांगितली नाही. मी समोर बसलो.

"छान झालंय, बाबा."

"तुझंही झालं असेल ना? हेच डिझाईन?"

ती जरा घुटमळली. "नाही हो. आम्ही फरशी घातली. विटांवर शेवाळ धरतं म्हणाला कॉन्ट्रॅक्टर. ते तेव्हाच ठरलं होतं."

"तेव्हाच? मग मला अकरा फोटो कशाला पाठवलेस?"

मुक्ता खाली बघून अंगठ्याने विटांची फट कोरत होती. "तुमच्याशी बोलायचं होतं. फोन केला की तुम्ही 'जेवलीस का' विचारता आणि आईकडे देता. म्हटलं, मापाचं काही विचारलं तर जरा वेळ बोलाल."

मला एकदम खूप काही बोलायचं होतं हो. पाच वर्षांचं साठलेलं. घसा साफ केला, खुर्ची पुढे ओढली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो,

"जेवलीस का?"