न्हाणीघराची कडी

सास्तूरपासून सोलापूरपर्यंत ज्या ज्या घरात माझ्या मोठ्या मामांनी एक तरी मुक्काम केला आहे, त्या घरातल्या निदान एका दाराची आतली कडी निघालेली आहे. मामा चोर नाहीत. काढलेली कडी ते स्क्रूसकट कागदात बांधतात, घरमालकाच्या हातात देतात आणि सांगतात, "जपून ठिवा, म्या गेल्यावर लावा." इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, मामा पेचकस ठेवतात. सोलापूरला एका लग्नासाठी आम्ही लॉजवर उतरलो, तेव्हा त्यांनी तिथलीही कडी काढून मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवली. मॅनेजर म्हणाला, "अहो, चोर आला म्हणजे?" मामा शांतपणे म्हणाले, "आला तर त्याला बी बाहेर जाता आलं पायजे की." निघताना त्यांनी ती कडी स्वतःच पुन्हा बसवून दिली, आणि ती आधीपेक्षा घट्ट बसली हे मॅनेजरनंही मान्य केलं.

कॉलेजला जाणारी एस.टी. मामांच्या दारावरून जाते, म्हणून मी त्यांच्याकडे राहते. घर भूकंपानंतर बांधून मिळालेलं, शेजारी मामांची पिठाची गिरणी. घरातल्या कुठल्याच दाराला आतून कडी नाही, न्हाणीघरालासुद्धा. त्यामुळे आत कुणी आहे हे बाहेर कळावं म्हणून आवाज करत आंघोळ करायची, अशी पद्धत पडली आहे. मोठी मामी तांब्या बादलीवर आपटते. मी अर्थशास्त्राच्या व्याख्या मोठ्यानं म्हणते, आणि त्या विषयात मला गुण चांगले पडतात हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मामा स्वतः दार सताड उघडं टाकून, चड्डीवर, गिरणीवर आलेल्या गिऱ्हाइकांशी पावसापाण्याचं बोलत आंघोळ करतात.

मागच्या वर्षी धाकट्या मामांचं लग्न झालं आणि नळदुर्गकडची धाकटी मामी घरात आली. ती फार बोलत नाही. पहिले काही दिवस ती सगळ्यांच्या आधी उठून आंघोळ उरकायची. मग मोठे मामा गिरणीचा पट्टा आणायला लोहाऱ्याला गेले, त्या दिवशी तिनं सुताराला बोलावलं आणि न्हाणीघराला आतून नवी कडी लावून घेतली. मामा परत आले, हातपाय धुवायला गेले आणि खिशातला पेचकस काढूनच बाहेर आले.

सगळे स्क्रू भराभर निघाले, एक सोडून. त्याची खाच पार गुळगुळीत झाली होती, पेचकस नुसता गरगर फिरायचा. आता अडचण अशी की मामा आणि धाकटी मामी एकमेकांशी थेट बोलत नसत. थोरला दीर आणि भावजय यांच्यात आमच्याकडे तसा रिवाज आहे. ती चुलीपुढं, ते न्हाणीघराच्या दारात, मध्ये चार पावलांचं अंगण आणि अंगणात मी.

"पोरी, तिला इचार, ह्यो स्क्रू असा कुणी केला?"

"त्यांना सांग, सुताराचा हात घसरला."

मी सांगितलं.

"तिला म्हणावं, हात इतका गोल गोल घसरत न्हाय."

"त्यांना म्हणावं, घसरतो कधी कधी."

मामांनी स्टूल आणलं आणि त्या स्क्रूसमोर बसले. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये धरून पेचकस दाबला. खोबरेल तेल सोडून वाट पाहिली. पक्कड लावून पाहिली, पण डोकं इतकं खोल बसलेलं की पकडायला जागाच नव्हती. कडी ओढून काढता आली असती, पण दाराचा टवका गेला असता, आणि दाराशी मामांचं काही वैर नाही. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका रांग सोडून बघायला यायच्या. एका आजोबांनी स्क्रू तापवायला सांगितला. त्यानं दाराचा रंग जळला, स्क्रू हलला नाही. त्या दिवसांत गिरणीकडं मामांचं लक्ष नसल्यानं गावातल्या ज्वारीचं पीठ फार बारीक दळलं गेलं. कडी मात्र एकाच स्क्रूवर लोंबकळत का होईना, लागत होती. धाकटी मामी टॉवेल घेऊन आली की मामा निमूट उठून गिरणीत जायचे, तिची आंघोळ झाली की परत येऊन बसायचे.

मला राहवलं नाही. मी आईला फोन केला, "एका कडीसाठी मामा असं का गं करतात?"

आई म्हणाली, "भूकंप झाला तवा मी आजोळी होते. आई-बा गणपती बुडवायला गेलेले, घरात तुझा मामा आन धाकटी मावशी. दोघं बी पोरं, धाकटा मामा तर तवा झालाच नव्हता. घर हलाय लागलं, दोघं दाराशी आली, पण कडी वरच्या अंगाला हुती, निजताना डब्यावर चढून लावलेली. ह्याचा हात पुरला न्हाय. लोकांनी ह्याला ढिगाऱ्यातनं काढलं. तिला न्हाय काढता आलं." धाकटी मावशी म्हणून कुणी होती, हेच मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी लोखंड कापायच्या पात्यानं त्या स्क्रूच्या डोक्यावर नवी खाच पाडली. पेचकस बसला. स्क्रू करकरला आणि थोडा फिरला. तेवढ्यात धाकटी मामी चुलीपासून उठली आणि माझ्याकडे न बघता थेट म्हणाली, "भावजी."

मोठी मामी पीठ मळायची थांबली.

"माझ्या माहेरी न्हाणीला दारच नव्हतं. पोत्याचा पडदा. एका हातानं पडदा धरायचा, एका हातानं पाणी घ्यायचं. रस्त्यावरनं माणसं जायची. हितं दार बघून मला लई बरं वाटलं हुतं."

मामांनी स्क्रू पूर्ण काढला, कडी उचलली आणि गिरणीत निघून गेले. या वेळी कागदात बांधली नाही. धाकटी मामी पुन्हा चुलीपुढं जाऊन बसली. भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही.

बऱ्याच वेळानं मामा आले. हातात तीच कडी आणि नवे स्क्रू. स्टूल बाजूला सारून ते खाली फरशीवर बसले आणि दाराच्या खालच्या अंगाला, माझ्या गुडघ्याच्या जरा वर, कडी धरून खुणा करू लागले.

"मामा, लई खाली होतीय," मी म्हणाले.

"हूं," म्हणाले आणि स्क्रू पिळत राहिले. सगळे बसल्यावर त्यांनी कडी लावून पाहिली, काढून पाहिली, एका बोटानं सरकवून पाहिली. मग चुलीकडं तोंड करून म्हणाले, "लागती का बघा."

धाकटी मामी आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. ती लवकर बाहेर आली नाही.

आता घरात सगळेच वाकून कडी लावतात. मोठी मामी कमरेच्या नावानं कुरकुरते, पाहुणे आधी वरच चाचपतात आणि मग हाक मारून विचारतात. घरात अजून लहान मूल कुणी नाही. तरी अधूनमधून मामा तेलाची बाटली घेऊन त्या दारापाशी जातात, फरशीवर बसतात आणि बसल्या उंचीवरून हात पुढं करून कडी सरकवून बघतात.