स्टेपनीचा भार

रविवारी सकाळी शहाडच्या गॅरेजात आम्ही तिघे होतो: मी, ही आणि आमच्या खिडक्यांच्या ग्रिलपासून ओळखीचा असलेला वेल्डर. जीपचं मागचं दार मजबूत करायचे ठरले तीन हजार दोनशे. हौसेने मी जीपला मोठे टायर बसवले होते. मागच्या दारावरची स्टेपनी चोवीस किलोंची अडतीस झाली आणि दार लोंबू लागलं. ते घाटात निखळून मागच्या दुचाकीवर पडेल, ही माझी धास्ती.

"घाटात कधी गेलेलात?" त्याने विचारलं.

"अजून नाही. कोपर ते ठाणे."

"मग आधार पाहिजेच. घाटात एवढे खड्डे नसतात."

तो टेप वापरत नाही, वितीने मापतो. बिजागऱ्यांना जाड पट्ट्या जोडून झाल्यावर, नेहमीच्या रीतीप्रमाणे, उघड्या दारावरच्या टायरला तो स्वतःच लटकला.

"मी साठ किलो. आता तुम्ही लटका, साहेब. माझ्या शब्दावर जाऊ नका."

माझं वजन ब्याऐंशी. भार किती पट धरावा, हे मी त्याला समजावू लागलो. तेवढ्यात हिने पर्स माझ्या हातात दिली, टायर धरला आणि पाय उचलले. दार हललं नाही.

"वहिनींनी टेस्टिंग केलं, दोनशे कमी द्या," तो म्हणाला.

मी त्याला तीन हजार दिले, हिच्या पर्समधून.