पंचफुलाबाईने गावाला बोलतं केलं

फोन तुळसाबाईचा होता. तुळसाबाई म्हणजे आमच्या गावातल्या कापूस वेचणाऱ्या बायांची म्होरकी. तिचा आवाज एरवी अर्ध्या शिवारात ऐकू जातो, पण त्या सकाळी मला दोनदा विचारावं लागलं, कोण बोलतंय म्हणून. "मास्तरीणबाई, पंचफुलाबाई गेली... झोपीतच गेली. तुमी आल्याबिगर उचलत नाई आमी. या." नोकरी संपल्यापासून मी बुलढाण्याला राहते; तशीच निघाले. चिखली मागे पडली, अमडापूरचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडं फुटायला लागली होती, आणि रडू यायच्या ऐवजी मला तिचं एकच वाक्य आठवत होतं. कोर्टाचा निकाल लागल्या दिवसापासून ती ते मला ऐकवत आली होती. "न्याय भेटला, बाई. पर गावानं एकदा तोंडानं म्हनलं पायजे, माह्या गजूले काऊन मारलं ते."

ज्यांनी टीव्हीवरचा तो चित्रपट पाहिला असेल, त्यांना पंचफुलाबाई माहीत आहे. म्हणजे पडद्यावरची माहीत आहे, जी खिडकीशी बसून शून्यात बघते. खऱ्या पंचफुलाबाईला शून्यात बघायला सवडच नव्हती. ती ठेंगणी, काटक आणि तोंडाळ होती, आणि भांडणात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. मी गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले तेव्हा तिच्या घराशेजारची खोली भाड्याने घेतली. बौद्ध बाईला खोली कशी काय, म्हणून कुजबुज झाली. पंचफुलाबाईने भर रस्त्यात उत्तर दिलं, "पोरं शिकवाले चालते अन् शेजारी ऱ्हायाले चालत नाई का बे?" तेव्हापासून तिची-माझी गट्टी जमली. तिचा नवरा आधीच वारला होता. घरात ती आणि एकुलता एक गजानन, म्हणजे गजू. तो माझ्याच हाताखाली शिकला. गणितात जेमतेम, पण अख्ख्या वर्गाला हसवणारा.

गजू मोठा झाला, वावर बघायला लागला आणि वेचणीनंतरचे काही महिने जिनिंगमध्ये कामाला जायला लागला. तिथे त्याला जानेफळचा सुनील भेटला. पुढचं पंचफुलाबाईने मला भाकऱ्या थापता थापता सांगितलं होतं. गजू तिला म्हणाला, "माय, मले पोरी दाखवू नको. माह्या जिवाले सुनील हाये." तिला आधी कळलंच नाही, मग कळलं, मग तिने जेवण सोडलं, आदळआपट केली. आणि एक दिवस स्वतःच म्हणाली, "त्या जानेफळवाल्याले जेवाले बोलाव. पाहू तं दे, कसा हाये." सुनील आला. मुकाट्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि उठून स्वतःचं ताट घासलं. "ताट घासलं ना बाई त्यानं," असं ती मला जे कौतुकाने म्हणाली, त्यावरून मी समजले की प्रश्न मिटला.

गावाचा मात्र मिटला नव्हता. बीटी कपाशीचं बियाणं आमच्याकडे आलं, त्यानंतरची ती वर्षं. भाव पडलेले, पाऊस बेभरवशाचा, आणि वावरात तरुण माणूस मेलेला सापडला की कुणी कारण विचारत नसे. फवारणीचं औषध घेतलं असेल, म्हणायचं आणि माती द्यायची. गजू-सुनीलचं नातं खुपणाऱ्या गावातल्याच तिघांनी नेमका याचाच फायदा घेतला. गजूला धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, गाठून मारलं, तोंडात औषध ओतलं आणि बाटली उशाला ठेवून दिली. सगळं गाव हळहळलं, आणि सगळ्या गावाला खरं माहीत होतं. दोघंजण तर पंचफुलाबाईची समजूत घालायला आले, औषध घेतलं म्हण, सरकारची मदत मिळेल, पोराची अब्रूही राहील. त्यांना ती काय बोलली ते इथे छापता येणार नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, पदर खोचा. चिखलीले जाऊ. चिरफाड केल्याबिगर मी पोराले हात लावू देत नाई."

खटला उभा राहिला तो तिच्या हट्टावर, आणि टिकला सुनीलच्या धैर्यावर. तेव्हा कायदासुद्धा या दोघांच्या बाजूचा नव्हता. वकिलांनी सुनीलला सांगून पाहिलं की 'जिवलग मित्र' एवढंच म्हण. सुनील पिंजऱ्यात उभा राहिला, घाम पुसला आणि म्हणाला की आम्ही एकमेकांवर प्रेम करत होतो, त्यांनी आम्हाला त्यावरूनच धमकी दिली होती आणि त्यावरूनच गजूला मारलं. मागे बसलेली पंचफुलाबाई तेवढं ऐकून ताठ झाली, पोराचं बक्षीस घ्यायला आल्यासारखी. तिघांनाही शिक्षा झाली. सुनीलला जानेफळच्या घरच्यांनी दार बंद केलं, तेव्हा तिने त्याला आपल्याकडे आणलं आणि गजूचं वावर त्याच्या हाती दिलं.

आणि गावाने तोंडात मिठाची गुळणी धरली. भांडण नाही, शिवीगाळ नाही... फक्त तिच्या वावरात वेचणीला बाया येईनात. कापूस फुटून लोंबायला लागला तरी एकही बाई धुरा ओलांडेना. माझ्या आज्याच्या पिढीला आमच्या मूळ गावाने विहिरीवरून हाकललं होतं, तेव्हा वाळीत टाकणं काय असतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सुट्टीच्या दिवशी मी, ती आणि सुनील कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधून वेचायला जायचो. माझी बोटं बोंडाच्या टोकांनी सोलवटून निघायची आणि पंचफुलाबाई म्हणायची, "मास्तरीणबाई, तुमी खडूच धरा. कापसावर रगत लागून राह्यलं."

अशी काही वर्षं गेली आणि मुंबईहून मुक्ता नावाची दिग्दर्शिका आली. तिला गजूवर टीव्हीसाठी चित्रपट करायचा होता. पोरगी मनाची चांगली होती, पण तिच्यावरच्या वाहिनीवाल्यांना धास्ती वाटत होती. दोघांची 'मैत्री' दाखवू, बाकी लोक समजून घेतील, असं त्यांचं म्हणणं. पंचफुलाबाईने त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "दोस्ती तं साऱ्या गावात हाये. दोस्तीपाई कोनी कोनाले मारते का? मंग माह्या पोरालेच काऊन मारलं?" "ताकाले येऊन भांडं कायले लपवता?" ती म्हणाली, "खरं दाखवनं नसन तं माह्या वावरात पाय ठेवू नोका." मुक्ता परत गेली, वरच्यांशी भांडली आणि खरं दाखवायची परवानगी घेऊनच आली. येताना गजूचं काम करणारा नटही सोबत आणला. त्याला बघून पंचफुलाबाई म्हणाली, "माहा गजू एवढा गोरा नव्हता, पर चालन. उन्हात उभा करा दोन दिवस."

वेचणीचा प्रसंग तिच्याच वावरात चित्रित व्हायचा होता. पुण्याहून आणलेल्या मुली नऊवारी नेसून ओळीत उभ्या राहिल्या. धुऱ्यापलीकडे गावातल्या बाया तमाशा बघायला जमल्या होत्या, तुळसाबाई सर्वांत पुढे. मुक्ताने खूण केली आणि मुलींनी झाडांना हात घातला. एकीने तर अख्खं बोंडच तोडलं. पलीकडून तुळसाबाई ओरडली, "अवं थांबा! सीतादही केली का? सीतादही केल्याबिगर पऱ्हाटीले हात लावतेत का, वावर बाटवता का सटव्यांनो?" आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी वावरातल्या एका कपाशीच्या झाडाची पूजा करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि तोच दहीभात वेचणाऱ्या सगळ्या बाया मालकिणीच्या हातून घेऊन एकत्र खातात. याला सीतादही म्हणतात. मुंबईच्या माणसांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. पंचफुलाबाईला होतं, पण तिच्या हातचा घास घेणारं गेली कितीतरी वर्षं कुणी नव्हतं, म्हणून तिने ते सोडूनच दिलं होतं. ती तुळसाबाईकडे बघत म्हणाली, "कोनाले चारू? पाच बाया पायजेत. हाये का कोनी?"

मग तुळसाबाईने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि पुटपुटत धुरा ओलांडला, "मानसाचं मानसापाशी, पऱ्हाटीनं काय केलं तुमचं?" तिच्यामागून एकेक करत दहा-बारा जणी आल्या. कुणाच्या तरी घरून दहीभात आला. पंचफुलाबाईने घास दिला आणि तुळसाबाईने तो खाल्ला, आणि मग दोघी गळ्यात पडून अशा रडल्या की कॅमेरावाल्याचेही डोळे भरले. कॅमेरा मात्र त्याने बंद केला नव्हता. चित्रपटात तुम्ही जी सीतादही पाहिलीत ती नाटकातली नव्हे, ती खरीच आहे. त्या वर्षी पंचफुलाबाईचा कापूस वेळेवर घरात आला.

चित्रपट एका रविवारी दुपारी लागणार होता आणि आमच्याकडे नेमकं त्याच वेळी भारनियमन. पंचफुलाबाई हिरमुसून बसली होती, तेवढ्यात लग्नाचे मंडप घालणारे सलीमभाई जनरेटर घेऊन दारात. "मौसी, आज अपने गजू की बारात है," ते म्हणाले, "बिना लाइट के कैसी निकलेगी?" टीव्ही ओट्यावर मांडला, गल्ली भरून लोक बसले. पडद्यावर गजू आणि सुनील एकमेकांचा हात धरून पऱ्हाटीतून चालत गेले तेव्हा काही माणसं उठून निघून गेली. पुष्कळशी बसून राहिली. चित्रपटाने काहीच लपवलं नाही, का मारलं तेही नाही. संपल्यावर पंचफुलाबाई टीव्हीपुढे उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "पाह्यलं? असा होता माहा गजू!" काय तो तिचा चेहरा! पोरगा घोड्यावर बसल्यागत. कुणी डोळे पुसले, कुणी नमस्कार केला... पण बोललं कुणीच नाही. "मुंबईनं म्हनलं, कोर्टानं म्हनलं," ती सामान आवरताना मला म्हणाली, "ह्यायचीच जीभ तेवढी उचलत नाई." पुढे दिल्लीच्या मोठ्या कोर्टाने अशा प्रेमाला गुन्हा ठरवणारा कायदा बदलला त्या दिवशी तिने गल्लीत पेढे वाटले. लोकांनी पेढे खाल्ले आणि कशाचे ते विचारलं नाही.

तर त्या सकाळी मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. तिरडी बांधून झाली होती. सुनील भिंतीला टेकून उभा होता, आता त्याचेही केस पिकलेत. गावातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, मडकं कोण धरणार. पंचफुलाबाईचा पुतण्या, ज्याने गजूच्या मातीनंतर या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, खांद्यावर पंचा टाकून पुढे झाला. रक्ताचा तोच होता, रीतीने त्याचाच मान. सुनीलने मान खाली घातली. आणि तुळसाबाईचा तो अर्ध्या शिवारात ऐकू जाणारा आवाज परत आला. "सरक बाजूले. सुनील धरीन मडकं. गजूचा जीव त्याच्यावर होता, अन् त्याचा गजूवर. त्याच्यापाईच मारलं ना आपल्या गावानं गजूले? मंग आता त्याच्या मायले आगही तोच देईन." मग तो म्हातारा म्हणाला, "हाव, बरोबर हाये. त्याच्यापाईच मारलं." मागून आणखी कुणी म्हणालं, "हाव." मग आणखी कुणी. पुतण्याने स्वतः मडकं उचलून सुनीलच्या हातात दिलं. मी तिच्या पायाशी बसले होते. तिला हलवून सांगावंसं वाटलं, ऐकलंस का गं?

परवा पुन्हा गावाला गेले होते. वेचणी जोरात आहे. उजाडता उजाडता पंचफुलाबाईच्या ओट्यावर बाया ओट्या बांधून बसल्या होत्या आणि सुनीलचा आत चहाच उकळत होता. तुळसाबाईने दाराची कडी वाजवली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "सुनीलभाऊ, निंग लवकर! तुही सासू पंचफुलाबाई असती तं आतापर्यंत अर्धं वावर वेचून झालं असतं!" बाया हसल्या, समोरच्या ओट्यावरचे म्हातारे हसले, आणि सुनीलही हसत हसत बाहेर आला.