चौकातली हर्षा

अड्याळच्या एका शाळेत धर्मेंद्र शिपाई होता. माणूस सरळ, पण लेकीचा विषय निघाला की त्याचं तोंड थांबायचं नाही. हर्षा दहावीला शाळेत पहिली आली. वस्तीतल्या बुद्धविहारात गुणगौरव झाला, तेवढ्यानं भागलं असतं. पण धर्मेंद्रला गगन ठेंगणं झालेलं. त्यानं चौकात दहा फुटी फ्लेक्स लावला: पांढऱ्या कोटातली हर्षा आणि खाली 'भावी डॉक्टर'. कोट फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर चढवलेला. पोरीला कोणी विचारलंच नव्हतं. पावसानं फ्लेक्स फाटला, की हा हौसेनं नवा छापून आणायचा.

बारावीनंतर डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत दोनदा मार्क कमी पडले. हर्षा रोज भंडाऱ्याला क्लासला जायची. एसटी त्या फ्लेक्ससमोरच थांबायची. मग एक दिवस ती गेलीच नाही. हळूहळू अंघोळ सुटली, ताटातला भात तसाच राहू लागला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

"अहो, इले डॉक्टरले दाखवू," आई भावना म्हणाली.

"पागल हाय का थे? लोकं का म्हनतीन? चार दिवसांत होऊन जाईन ठीक."

चार दिवसांचे दोन महिने झाले. पोरीला उमेद यावी म्हणून धर्मेंद्रनं पुन्हा नवा फ्लेक्स छापला आणि तिच्यासमोर उलगडला. याला माया म्हणावं की मूर्खपणा? दोन्ही होतं.

हर्षा खूप दिवसांनी बोलली. "बाबा, चौकात याच्या बाजूले श्रद्धांजलीचा बोर्ड लागते ना. मले दोन्ही फोटो मेलेल्याचेच वाटतेत. मी बी मेली असती तं बरं, असं रोज वाटून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तिघं भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. मनाच्या आजारांच्या खोलीबाहेर गावचा बाबूलाल दिसला. धर्मेंद्रनं तोंड लपवलं नाही.

"हा आजार बरा होतो, पण वेळ लागेल," आत हर्षाला तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी धर्मेंद्रलाच विचारलं, "हिला झोप लागत नाही, ते कधीपासून?"

धर्मेंद्रनं भावनाकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं.

"दोन वर्षं झाले," हर्षाच म्हणाली.

बाई लिहीत राहिल्या. धर्मेंद्रला मान वर करवेना. दोन वर्षं त्याची लेक भिंतीपलीकडं जागी होती, आणि तो अलीकडं गाढ झोपत होता.