उणे सत्तरची ताई

“दरवाजा लाव! अबे, दरवाजा लाव म्हन्ते ना! तुह्या बापाचा कूलर होय का तो?”

मी दरवाजा लावला. म्हणजे आधी माझी मान आत होती, ती बाहेर काढली आणि मग लावला. मे महिन्याची दुपार होती आणि विभागात पंखे बंद होते. सुरू होता तो फक्त जनरेटरवर चालणारा डीप फ्रीजर. अशा वेळी तो उघडून आत तोंड घालणं हा मोठा गुन्हा आहे, हे मला नवीन असताना असं कळलं. वर्ध्याचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो, की आमच्या कॉलेजसमोरच्या डांबरी रस्त्यावर एका म्हाताऱ्याची चप्पल चिकटली, ती तो तिथेच सोडून गेला आणि दिवाळीला येऊन घेऊन गेला.

ओरडणारी बाई म्हणजे आमच्या जीवरसायन विभागातली सगळ्यात जुनी पीएचडीची विद्यार्थिनी. तोंडावर तिला आम्ही ‘ताई’ म्हणायचो आणि मागे ‘उणे सत्तर’. तो फ्रीजर उणे सत्तर अंशांवर असे आणि बाईंचा पारा बरोबर तेवढाच उलट दिशेला. वडिलांचा कारंजा घाडग्याला हायवेवर ढाबा होता. लहानपणी ती दारात उभी राहून नुसतं “जेवण तयार!” ओरडली, तरी नागपूरकडून येणारे ट्रक कोंढाळीपासूनच ब्रेक दाबायला लागत, असं सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो. पण तो आवाज ऐकलेल्या कुणीही आजवर मला खोटं पाडलेलं नाही.

ती काम करायची आरएनएवर. हा आरएनए म्हणजे पेशीतला निरोप्या. कोणतं प्रथिन किती बनवायचं, तो निरोप पोचवायचा आणि मरून जायचं. त्यात नाजूक इतका, की थंडीतून बाहेर राहिला, नुसता हाताचा घाम लागला, तरी संपला. ताईनं आम्हा नव्या पोरांना हा धडा एकदाच दिला. “प्रथिन म्हन्जे सासू. उकळा, वाळवा, थोडी तरी उरतेच. आरएनए म्हन्जे जावई. जरासाक वाकडं पाह्यलं का उठून जाते.” ती नळ्या भरत असताना बोलायलाही बंदी होती, कारण थुंकीतसुद्धा आरएनएचा काळ असतो. माझ्यासारख्याला तोंड बंद ठेवायचं म्हणजे बैलाला उपास धरायला लावण्यासारखं. पण मी ठेवलं. मी शिंकसुद्धा कॉरिडॉरमध्ये जाऊन, परवानगी काढून देत असे.

विषय होता सिकलसेल. आपल्याकडे तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गावोगावी एखाद्या घरात तो असतोच. तरी ताई समजावायची, आणि ढाब्याच्या भाषेत. ताजी पोळी घडी घालून कुठेही बसते. शिळी, वाळकी पोळी घशात अडकते. चांगली रक्तपेशी ताज्या पोळीसारखी, बारीक नसेतूनही दुमडून निघून जाते. सिकलची पेशी प्राणवायू कमी पडला की वाकडी आणि कडक होते, विळ्यासारखी अडकते. अडकली की पुढचं हाड रक्तावाचून ठणकतं. हे ऐकून लोक माना डोलवायचे आणि विचारायचे, “मंग औषध?” तिथे मात्र ताईचा आवाज कारंजा सोडून एकदम देवघरात गेल्यासारखा बारीक व्हायचा.

रक्ताचे नमुने आणायला ती स्वतः मोपेडवर जायची. नालवाडीतल्या तिच्या खोलीवरून पहाटे निघायची, मागे निळा बर्फाचा डबा बांधलेला आणि त्या डब्यामागे कसाबसा मी. रस्त्यात लोक हात दाखवून थांबवायचे. “ताई, कुल्फी कशी देली?” “खून हाय. खाता का?” असं ती गाडी न थांबवता ओरडायची. त्या रस्त्यावरची निम्मी गावं अजून समजतात, की वर्ध्याहून एक चेटकीण यायची आणि सोबत एक जाडा शिष्य आणायची.

त्या डब्याचा सगळ्यात मोलाचा माल अल्लीपूरचा. तिथे एका शेतकरी घरात दोन भाऊ होते. दोघांचीही लग्नाची वयं, दोघांनाही तोच आजार, अगदी तसाच, रक्तातल्या बिघाडात फरक म्हणून नाही. थोरला कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बांधावरून पळायचा. धाकट्याला थंड पाण्यानं आंघोळ घातली, तरी तो आठवडाभर कण्हायचा. त्यांच्या आईनं, आमच्या मावशीनं, पहिल्याच दिवशी ताईला विचारलं, “बाई, एकाच पोटचे दोघं. याले काऊन दुखते अन् त्याले काऊन नाई?”

सगळ्या पीएचडीचा प्रश्न मावशीनं चुलीजवळ बसून विचारला होता. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते पेशीला वाकडी होऊ देत नाही, पण जन्मानंतर बंद पडतं. ताईला वाटत होतं, की थोरल्याच्या अंगात ते बंदच पडलं नसावं, आणि बंद न पडण्याचा निरोप त्याच्या आरएनएत सापडेल. फक्त दोघांचा एकमेकांशेजारी ठेवून पाहायचा. “सांगते, मावशी,” ताई म्हणाली. “थांबजा जरा. काऊन दुखते ते मी सांगते.”

पावसाळ्यात धाकट्याला ताप आला आणि त्याला वर्ध्याच्या इस्पितळात आणलं. छातीत दुखत होतं. डॉक्टर त्यांचं काम करत होते. ताईनं दोघा भावांचं रक्त त्याच दिवशी घेतलं, त्यातला आरएनए काढला, फ्रीजरमध्ये ठेवला आणि परत वॉर्डात जाऊन बसली. मी तिचा जेवणाचा डबा पोचवायला गेलो, तेव्हा ती रबरी पिशवीत गरम पाणी भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्याच्या प्रथिनाच्या माळेत सहाव्या जागचा मनी बदलला. कोनता होता अन् कोनता आला, मले सारं माहीत आहे. अन् मी काय करून राह्यली? शेकून राह्यली.” धाकटा वाचला नाही. फ्रीजरमधली त्याची नळी तेवढी राहिली.

त्यानंतर फ्रीजरचा पहारा दुप्पट झाला. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत ताई त्याला मिठी मारून उभी राहायची, जणू तिच्या अंगातूनच थंडी जाणार होती. आमचे अटेंडंट नामदेवभाऊ, हातानं सरळ आणि मनानं त्याहून सरळ माणूस. त्यांना ती रोज बजावायची, “भाऊ, हे मशीन नाई, देव हाये देव. याची पूजा करत जा.”

नामदेवभाऊंनी ऐकलं. खंडेनवमीला आमच्या विभागात दरवर्षी यंत्रांना हळदकुंकू लागायचं. ताई स्वतः खोबरं वाटायची. त्या दिवशी अवजार धुवायचं, पुसायचं आणि त्याला काम द्यायचं नाही, ही गावची रीत. फ्रीजर त्याच वर्षी आलेला, म्हणजे त्याची पहिली पूजा. ताई दसऱ्याला कारंजाला गेली होती. भाऊंनी फ्रीजर बंद केला, दिवसभर आराम दिला, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि दसऱ्याच्या सकाळी पुन्हा सुरू केला.

ताई परत आली तेव्हा आकडा बरोबर उणे सत्तर होता. तिनं हसत हसत हार बाजूला केला, दरवाजा उघडला आणि तशीच उभी राहिली. आतल्या भिंतींवरची बर्फाची पांढरी दाढी गेली होती. सगळं कसं लखलखीत होतं.

“सारा बर्फ काढून टाकला, ताई,” मागून नामदेवभाऊ म्हणाले. “नळ्या एकेक पुसल्या अन् होत्या तशाच लावून ठेवल्या. रातंदिवस राबते बिचारा, त्याले कोनी इचारत नाई.”

मी कानांवर हात ठेवायच्या बेतात होतो. पवनारपर्यंत काचा फुटतील अशी माझी खात्री होती. पण फ्रीजर उघडा, थंडीची वाफ तिच्या पायांवरून जमिनीवर सांडतेय आणि कुणी ओरडत नाही. शेवटी मीच हळूच म्हणालो, “ताई, दरवाजा.”

“काई चुकलं का, ताई?” भाऊंनी विचारलं.

“नाई, भाऊ. छान झाली पूजा.”

तरी तिनं ते सगळे नमुने जेलच्या पातळ थरातून वीज सोडून चालवून पाहिले. चांगल्या आरएनएच्या दोन ठसठशीत रेघा उमटतात, काजळ घातल्यासारख्या. आमच्या काचेवर नुसता धूर होता. थोरल्याचं रक्त पुन्हा मिळालं असतं. पण शेजारी ठेवायला काय होतं?

ताईनं पुढे दुसऱ्याच एका प्रथिनावर प्रबंध लिहिला, नोकरी धरली, लांब गेली. मी आता पोरांना शिकवतो, आणि फ्रीजर उघडा दिसला की माझ्या तोंडून कारंजाचा ढाबा बाहेर पडतो. पोरं मला मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे. तिच्या मानानं बरंच गरम नाव आहे.

पण ती जाण्याआधी आम्ही एकदा अल्लीपूरला गेलो होतो. त्या दिवशी मागे डबा नव्हता, मला ऐसपैस बसता येत होतं, आणि रस्त्यात कुणी कुल्फी मागितली नाही. मावशी ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत होती. ताई तिच्यासमोर खालीच बसली. तिचं बोलणं ऐकायला मला पहिल्यांदाच पुढे वाकावं लागलं.

“मावशी, त्याचं ठेवलेलं रक्त खराब झालं. मी तुले सांगते म्हन्लं होतं. आता त्याले काऊन दुखे, ते मले कधीच सांगता येनार नाई.”

मावशीनं सूप खाली ठेवलं नाही.

“आता नाई दुखत त्याले,” ती म्हणाली.