उभ्या पानाचं पाणी

निंगव्वा तोंडाची फटकळ. माणसाला भ्यायची नाही, पाण्याला मात्र भ्यायची. आणि नशीब बघा, पोट पाण्यावरच. दुधनीजवळच्या तळ्यातली कमळाची पानं देठासकट उपटायची, पानं जेवणावळींना द्यायची आणि देठातले धागे काढून देवळाच्या वाती वळायच्या. नवरा याच तळ्यात बुडाला होता. तेव्हापासून तिनं एक खूण धरली होती: पान पाण्यावर पसरलंय तिथं खोल, छत्रीसारखं उभं आहे तिथं कंबरभर. त्या खुणेपुढं तिनं कुणाचं ऐकलं नाही.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या पुढच्या सालचा पावसाळा. लेक सोलापूरच्या गिरणीत, नवी सून चंद्रव्वा सासूच्या हवाली. निंगव्वा हिवतापानं आठवडाभर घोंगडीखाली पडून होती, आणि लग्नघरची पानं तर द्यायचीच होती. चंद्रव्वा कोरड्या मुलखातली, पोहणं तिला ठाऊक नाही.

"आत्या, कमरंला भोपळा बांधू का?" खुंटीवरच्या वाळक्या भोपळ्याकडं बघत तिनं विचारलं.

"कंबरभर पाण्यात भोपळा कशाला? उभ्या पानात ऱ्हा. तितं भ्यायचं न्हाय," निंगव्वा खेकसली.

चंद्रव्वानं काठच्या पानांची पहिली मोळी दारात आणून टाकली आणि ती परत गेली. पडून कंटाळलेली निंगव्वा धागे काढायला बसली. एक देठ ओढला, तो संपेचना. उठून अंगाशी लावला तर पार छातीपर्यंत आला. काठाचा देठ एरवी गुडघ्याच्या वर जात नसे. म्हणजे वर कानडी मुलखात पाऊस झाला होता. ती पडून असताना तळं हळूहळू चढलं होतं, आणि चढत्या पाण्याबरोबर नव्या पानांनी देठ लांबवले होते. पानं उभीच होती. खालचं पाणी वाढलं होतं. काठाला एवढं, तर मधे किती?

भोपळा ओढून ती अंगातल्या तापासकट धावली. बांधावरून नुसती पानं दिसत होती. हाक मारली, ओ आली नाही. मग पानांच्या गर्दीत चंद्रव्वाचं तोंड दिसलं. फक्त तोंड, वर केलेलं. हनुवटीला पाणी.

"मागं ये, पोरी."

"पायाखालचा गाळ सरकतोया, आत्या," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पर तुमी म्हणला की, उभ्या पानात भ्यायचं न्हाय. म्हून उभी हाय."

भोपळा छातीखाली धरून निंगव्वा पाण्यात शिरली. पाण्याला भिणारी बाई, डोळ्यांपुढं नवऱ्याचं फुगलेलं अंग दिसत होतं. सुनेचा हात सापडला तेव्हा तो बर्फागत गार होता.

काठावर आल्यावरही चंद्रव्वाची एक मूठ सुटेना. सासूनं बोटं उकलली. आत एक देठ होता, तळापासून उपटलेला. तिनं तो सुनेच्या शेजारी उभा धरला. पान पोरीच्या डोक्याच्या वीतभर वर गेलं.

चंद्रव्वा भीत भीत म्हणाली, "आत्या, पानं कमी भरली. रागावू नगा."