चुन्यावाचून सुटलेले केस

यवतमाळच्या एका कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सत्यशीला मदतनीस होती. काचेची भांडी वाफेच्या मोठ्या डब्यात घालून निर्जंतुक करायची, धुवायची, पुसून ओळीनं मांडायची, हे तिचं काम. एके दिवशी धुवायला आलेल्या बशांपैकी एक चपटी बशी तिनं उजेडाकडे धरली आणि नळ चालूच ठेवून ती तशीच उभी राहिली. बशीत दुधाळ पांढरा थर गोठलेला होता. त्यावर मळकट ठिपके उगवले होते, आणि प्रत्येक ठिपक्याभोवतीचा पांढरा रंग जाऊन तिथं स्वच्छ, आरपार दिसणारं कडं पडलं होतं. कोणीतरी तेवढंच दूध चाटून गेल्यासारखं.

"मॅडम, हे काहून असं झालं?"

रंजिता राठोड मॅडम टेबलावरून उठून आल्या. विचारणारं माणूस त्यांना मनापासून आवडायचं. "कोंबडीवाल्याच्या दुकानामागची माती आणली होती ना आपण, जिथं तो पिसं टाकतो? त्या मातीतले जंतू आहेत हे. ते एक रस सोडतात. एन्झाइम म्हणतात त्याला. त्या रसानं दुधातली प्रथिनं तुटतात. तू मटनाला कच्ची पपई लावतेस की नाही?"

"लावतो ना. पटकन शिजते."

"तेच. पपईच्या चिकातही असाच रस असतो."

घरी गेल्यावर सत्यशीलानं कच्च्या पपईची फोड वाटीभर दुधात टाकून पाहिली. दूध फाटलं. ती वाटी बाजूला ठेवायची राहिली आणि तिच्या नवऱ्यानं, संघदीपनं, तेच दूध चहात ओतलं. पहिल्या घोटालाच तो मोरीकडे धावला. "काय टाकलं यात? कडू जहर झालं!" तो ऑटो घेऊन बिनचहाचाच गेला. सत्यशीला मात्र वाटीत बोट बुडवून बघत बसली. फाटलं ते समजलं, पण कडू काहून झालं?

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना तेच विचारलं. प्रथिनं तुटली की त्यांचे काही तुकडे कडू लागतात, असं मॅडमनी सांगितलं आणि मग, जणू आता हिला सांगायलाच हवं असं वाटून, त्या मुद्द्यावर आल्या. हा सगळा खटाटोप बशीतल्या दुधासाठी नव्हता. जनावराचं कातडं कमवायच्या आधी त्यावरचे केस काढावे लागतात. त्यासाठी ते चुना आणि सल्फाइड घातलेल्या पाण्यात भिजवून ठेवतात. केसांचा लगदा होतो, नासक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि ते पाणी पुढं नाल्याला जातं. काम करणाऱ्यांच्या हातांची सालं निघतात. आता हा जंतूंचा रस जर केसाच्या मुळाशी जाऊन, त्याला धरून ठेवणारं तेवढंच खाऊ शकला, तर केस अख्खा सुटून येईल. चुना लागणार नाही. निदान कमी लागेल.

"अन् कातडंच खाल्लं त?"

"तीच तर भीती आहे," मॅडम हसल्या. "म्हणून करून पाहायचं."

करून पाहायला बकरीचं ताजं कातडं हवं होतं. मॅडमनी शेजारच्या विभागातल्या शिपायाला सांगितलं. तो म्हणाला, "मटन म्हणाल तेवढं आणतो मॅडम, कातडं नाही आणणार." दुसऱ्याची त्या दिवशी तब्येत बिघडली. मॅडमनी दोन विद्यार्थ्यांनाही विचारून पाहिलं. सत्यशीलाला मात्र विचारलं नाही. ती तिथंच, समोर, भांडी पुसत होती.

संध्याकाळी दार लावताना ती म्हणाली, "मॅडम, मले नाही विचारलं तुम्ही."

मॅडम तिच्याकडे वळल्या. "मुद्दामच नाही विचारलं, सत्यशीला. मला वाटलं, तुला वाईट वाटेल. तुम्ही लोकांनी ते सगळं सोडून दिलंय, आणि मी पुन्हा तुलाच सांगायचं..."

सत्यशीलानं कुलूप ओढून पाहिलं. मॅडम म्हणाल्या त्यात खोटं काही नव्हतं. तिच्या सासरी चामड्याचं नावही कोणी काढत नसे. पण रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच घोळत होतं: केस सुटतील की नाही? "तुम्ही सांगून राह्यल्या म्हणून नाही," ती म्हणाली. "मले पाहाचं हाय म्हणून आणतो."

सकाळी बाजारातून तिनं पिशवीत गुंडाळून कातडं आणलं. मॅडमनी स्वतः ते धुतलं, तुकडे कापले. काही तुकडे नुसत्या पाण्यात ठेवले, काही जंतूंच्या गाळून घेतलेल्या रसात. दुसऱ्या दिवशी दोघींनी हातमोजे चढवून पहिला तुकडा बाहेर काढला. पाण्यातला. केस घट्ट होते. मग रसातला. सत्यशीलानं अंगठा टेकवला आणि हलकाच पुढं सरकवला. काळे केस अंगठ्यापुढं गोळा होत गेले आणि मागं पांढरंशुभ्र, ओलं कातडं उघडं पडलं. जोर असा लागलाच नाही.

"अगं बाई!" मॅडम म्हणाल्या. सत्यशीलानं आणखी एकदा अंगठा सरकवला, आणि आणखी एकदा. मग एक केस चिमटीत धरून खिडकीशी नेला. अख्खा होता, मुळासकट.

त्या आनंदात मोजे काढल्यावर ती हात नीट न धुताच घरी गेली असावी, किंवा ओढणीला वास लागला असावा. ओसरीवर तिचे सासरे, भीमराज, बसले होते. वय झालं होतं, पण नाक तिखट. ती दारातून आत शिरली आणि त्यांनी मान वर केली.

"कातड्याचा वास कुठून आला?"

सत्यशीलाला खोटं बोलता येत नसे. तिनं सगळं सांगितलं. कॉलेज, मॅडम, रस, अंगठ्यानं सुटलेले केस. भीमराज ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा आक्रसत गेला.

"छप्पन साली दीक्षा घेतली अन् आमच्या बाबानं ते काम टाकलं," ते म्हणाले. "तवा घरात खायले नव्हतं. तरी टाकलं. पुन्हा हात नाही लावला. अन् तू नोकरीवाली बाई, हौसेनं आणून राह्यली?"

"मामाजी, घरात नाही आणलं. कॉलेजात..."

"वास आला ना घरात?"

त्यानंतर भीमराज तिच्याशी बोलेनासे झाले. ताट वाढलं की जेवायचे, पाणी दिलं की प्यायचे, पण शब्द नाही. संघदीपनं मध्ये पडून पाहिलं, तर त्यालाही "तू ऑटो चालव" एवढंच ऐकावं लागलं. सत्यशीलाला अन्न गोड लागेना. सासऱ्यांचं चुकलं असं तिला म्हणता येत नव्हतं, आणि आपण थांबावं असंही वाटत नव्हतं.

तिकडे प्रयोगशाळेतही गाडी अडली होती. दुसऱ्या खेपेला मॅडमनी अख्खं कातडं रसात ठेवलं आणि मध्ये सुटी आली. उन्हाळा तापलेला. उघडून पाहिलं तर केस सुटले होतेच, पण कातड्याचा वरचा गुळगुळीत पापुद्राही जागोजागी खरवडल्यासारखा झाला होता. बोटानं दाबलं की बोट आत जात होतं. मॅडम खुर्चीत बसून राहिल्या. "संपलं. याचं चामडं होणार नाही."

सत्यशीलानं ते कातडं उलटंपालटं करून पाहिलं. "मॅडम, पपई लावून मटन लई वेळ ठेवलं की त्याचाबी भुगा होते. चावाले काही राहतच नाही."

"हो. वेळ आणि उकाडा. दोन्हींचं गणित चुकलं." मॅडमना ते माहीत होतंच, पण बोलून दाखवणारं कोणी समोर असलं की हुरूप येतो. मग त्या दोघींचा एकच उद्योग झाला. कधी रस पातळ करायचा, कधी पाणी गार ठेवायचं, कधी लवकर काढायचं. कधी केस अर्धेच सुटायचे, कधी मानेकडचे चिकटून राहायचे. प्रत्येक वेळी सत्यशीला आधी खिडकीशी जाऊन पापुद्रा तपासायची. ओल्या कातड्यावर केसांच्या मुळांची बारीक छिद्रं ओळीओळीनं दिसायची, पेरणी केलेल्या वावरासारखी. ती छिद्रं कडेनं रेखीव असली की जमलं. फिसकटलेली असली की बिघडलं. रोज पाहूनही तिला त्या ओळींचा कंटाळा येत नसे.

एका सकाळी ती डबा भरत होती. भीमराज पाठमोरे बसले होते. तसेच बसून ते म्हणाले, "चुना लागत नाही म्हणतं तू."

सत्यशीलाच्या हातातलं झाकण थांबलं. इतक्या दिवसांनी ते बोलले होते. "नाही लागत, मामाजी."

"मंग हाताले काय होते?"

"काहीच नाही होत. मोजे घालतो आम्ही. रस तसा कडक नाही."

"दाखव."

तिनं दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. त्यांनी ते उलटे केले, सुलटे केले, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. "बाबा एका व्यापाऱ्याच्या चुन्याच्या टाक्यांवर कामाले होता," ते म्हणाले. "मी लहान होतो. काम काय करे ते मले याद नाही. आम्हाले म्हणत, इसरा, म्हणून इसरलो. पण हात याद हायेत. नखं नव्हती. मिठाची भाकर खाताना रडे तो. हातानं तोंडात घास घालाचा अन् डोळ्यांतून पाणी. मायनं त्याले किती दिवस हातानं चारलं."

सत्यशीला खाली बसली.

"मले पाहाचं हाय," भीमराज म्हणाले. "केस कसे निघते ते."

संघदीपनं त्यांना ऑटोतून कॉलेजात आणलं. पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले, पण मॅडमनी पुढं केलेला हात त्यांनी धरला नाही. मॅडमनी हातमोजे दिले, तेही त्यांनी घेतले नाहीत. "मोज्यानं काय समजन?" रसातून काढून स्वच्छ धुतलेला तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे वळवला. मग उघडा अंगठा टेकवून त्यांनी सरकवला. केस सुटले. त्यांनी अंगठा डोळ्यांजवळ नेला, दुसऱ्या बोटावर घासून पाहिला, जीभ लावतात की काय असं सत्यशीलाला वाटलं.

"जळजळ नाही," ते म्हणाले. मग त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "बाई, एक सांगा. चुना गेला, वास गेला, हात वाचले. बरं झालं. पण हे काम करन कोण?"

मॅडमनी हातातले मोजे काढून ठेवले. "हे मला नाही सांगता येत, बाबा," त्या म्हणाल्या. "एवढंच म्हणेन, जो करेल त्याच्या हाताला आग होऊ नये."

भीमराजांनी मान हलवली. पटलं म्हणून की नुसतंच, ते कोणाला कळलं नाही. परत जाताना ऑटोत मात्र ते सत्यशीलाला विचारत राहिले. जंतू खातात काय? मरतात कधी? डोळ्यांनी दिसत नाहीत तर मॅडमले कसे दिसले?

पावसाळा सरल्यावर मॅडम आणि सत्यशीला दिग्रसला पुंडलिकरावांच्या कारखान्यात गेल्या. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, फिरणारी दोन लाकडी पिंपं आणि मागं चुन्याच्या टाक्या. पुंडलिकरावांची हयात बकऱ्यांची कातडी कमवण्यात गेली होती. वासावरून शेजाऱ्यांच्या तक्रारींनी ते कावले होते, म्हणून तयार झाले. "पण माल बिघडला त मले नका सांगू शास्त्र," एवढं त्यांनी आधीच बजावलं.

माल बिघडला नाही. पिंप फिरलं, थांबलं, कातडी बाहेर आली. बहुतेक अंगावरचे केस हातानं पुसल्यासारखे निघाले. मानेवर आणि पाठीच्या कण्यावर तेवढी एक पट्टी हट्टानं उरली. पुंडलिकरावांनी ती नखानं खरवडली, कातडं उजेडात ताणून पाहिलं. "चुना पुरा नाही सुटाचा," ते म्हणाले. "थोडा द्याच लागन. पण सल्फाइड सोडतो मी. वास नाही ना आला आज?" खरंच नव्हता आला. शेडमधले दोघं कामगार हे ऐकून आपापल्या हातांकडे पाहू लागले.

मॅडमना हवं होतं तेवढं सगळं मिळालं नव्हतं, पण त्या खूश होत्या. सत्यशीलाचं लक्ष दुसरीकडेच होतं. पूर्वी केसांचा लगदा होऊन नाल्यात जायचा; आता ते अख्खे, मऊ, ओलसर ढिगानं कोपऱ्यात पडले होते. याचं करायचं काय? कोणालाच माहीत नव्हतं. तिनं एक पिशवी भरून घेतली.

पिशवी तिनं घरात नेली नाही. मागच्या भिंतीलगत, शेवग्याच्या बुडाशी खड्डा करून केस त्यात पुरले आणि वरून कोंबडीवाल्यामागची पिसांची माती ओंजळभर टाकली. ज्या मातीतले जंतू पिसं खातात, ते केसही खातील का, एवढंच तिला पाहायचं होतं. भीमराज मागच्या दारात उभे राहून सगळं पाहत होते.

पुढं एका सकाळी ती झाडायला मागं गेली, तर ते खड्ड्यापाशी उकिडवे बसून काडीनं माती बाजूला सारत होते.

"मामाजी, काय करून राह्यले?"

"खालचे केस अर्धे झाले," ते काडीनं दाखवत म्हणाले. "वरचे तसेच हायेत. काहून असं?"

सत्यशीलानं झाडू भिंतीला टेकवला आणि त्यांच्या शेजारी बसली.